वाणाच्या पिशव्यांपाशी

फुजैराहून दुबईला हळदीकुंकवाला जायचं म्हणजे डोंगर ओलांडून जायचं. गाडी सून विनिता चालवायची, शोभनाताई मांडीवर वड्यांचा डबा घेऊन शेजारी बसायच्या. नवरा गेल्यापासून तिथलं त्यांचं काम ठरून गेलं होतं: आतल्या खोलीत वाणाच्या पिशव्या भरायच्या. "काकू, तुमच्याइतकं नीटनेटकं कुणाला जमत नाही हो," यजमानीण म्हणायची, आणि बाहेर कुंकवाचा करंडा फिरायचा. वाईट कुणीच वागत नसे. तिळगूळ तर दोनदा मिळे.

यंदा पिशव्या भरताना त्यांच्या मनात ओवी होती. नात. मुलगा सुजीत आणि विनिताची लेक, फुजैरातच वाढलेली, आता सिडनीला आत्याकडे राहून शिकणारी. शाळा चर्चची, विनितानेच निवडलेली. कॉन्व्हेंट म्हटलं की आपल्याकडे डोळे मिटून पोरांना घालतात. सकाळी शोभनाताईंचा चहा व्हायचा तेव्हा तिकडे दुपार असायची, आणि ओवीचा फोन यायचा. ती इंग्रजीत बोलायची, आजी मराठीत.

मागच्या आठवड्यात ती फोनवर रडली. तिचा जीव वर्गातल्या एका मुलीवर आहे, हे शाळेला कळलं होतं. मुख्याध्यापिकेने गोड शब्दांत सांगितलं होतं, शेवटचं वर्ष इथे करायचं असेल तर हे विसर, नाहीतर दुसरी शाळा बघ. सिडनीत अशा शाळांना कायद्याने तेवढी मोकळीक होती. मेलबर्नचं राज्य वेगळं, तिथे ती नव्हती; चर्चच्या शाळेलाही एवढ्यावरून मुलीला काढता येत नव्हतं. ओवीला तिथे जायचं होतं.

"आजी, यू टेल मम्मा. आय कान्ट."

महिनाअखेर शाळा उघडणार होती, आणि शोभनाताईंच्या तोंडून अजून शब्द फुटला नव्हता. विनिताला वाटत होतं, पोरगी अभ्यासाला कंटाळली.

परतीच्या वाटेवर विनिताच्या कपाळावर कुंकू ठसठशीत दिसत होतं. ती म्हणाली, "आई, एक जण विचारत होती, सासूबाई बाहेर का नाही येत? मी म्हटलं, त्यांनाच आवडत नाही."

"मला कधी विचारलंस?"

"अहो, तुम्हाला अवघडल्यासारखं होईल म्हणून..."

"होतं ना. आत बसून जास्त होतं." मग बोगदा आला, आणि त्या अंधारात शोभनाताई म्हणाल्या, "ओवीलाही तिकडे आत बसायला सांगितलंय."

बोगदा संपेपर्यंत त्यांनी सगळं सांगून टाकलं. विनिताने गाडी कडेला घेतली.

"हे तुम्हाला सांगितलं तिने? मला नाही?"

"तुझा धाक आहे. माझा कुणाला असणार?"

"इथे कुणाला कळलं तर? सुजीतची नोकरी आहे इथे, आई."

"इथे कुणाला सांगायचंच नाही, खलास. तिथे तरी पोरीला ताठ मानेने शिकू दे."

"मेलबर्नला कोण आहे आपलं?"

"कुणी नाही. कायदा आहे."

"कायदा डबा देणार आहे का तिला?" विनिता म्हणाली, आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून रडली. कुंकू फिसकटलं.

हे कळल्यावर सुजीत काही दिवस आईशी बोललाच नाही. मग एकदा जेवताना, ताटातून नजर न उचलता त्याने विचारलं, "तिथे होस्टेल असतं का गं?"

ओवी मेलबर्नला गेली. फोन आता रोज येत नसे, पण आला की आवाज हसरा असे. मार्चमध्ये ती म्हणाली, "आजी, एप्रिलमध्ये येऊ? पण मी आता काही हाइड करणार नाही हं. नॉट एनीमोअर."

शोभनाताईंनी वर्षभर याच सुट्टीची वाट पाहिली होती. इथे ओवीच्या बाजूने उभा राहील असा कायदा नव्हता.

"मग इथे नको येऊस, बाळा. मीच येईन तिकडे, इन्शाल्ला."

"विथ युअर नीज?"

"गुडघ्यांचं बघू."

फोन ठेवल्यावर त्यांनी ओवीच्या पलंगावरची नवी चादर काढून घडी केली. थोड्या वेळाने तीच परत घातली.