सावंतचं यान आणि मंगळाची माती

आमच्या खगोल मंडळाने ग्रह शोधला नाही, धूमकेतू शोधला नाही. दहा वर्षांत साठले ते किस्से! पार्ल्यात बसून गुरू-शनीच्या उचापती करायच्या म्हटल्यावर दुसरं काय साठणार?

आम्ही चौघं. फिजिक्स शिकवणारे केळकर सर भाषण करायचे, मी स्लाइड्स दाखवायचो, नीलाताई मंडळाच्या चिटणीस आणि चौथा सावंत. सावंत गिरणीत फिटर होता. ब्याऐंशीच्या संपात गिरणी बंद पडली, तेव्हा रिकामं बसवेना म्हणून त्याने मंगळावर उतरलेल्या अमेरिकन यानाचं मॉडेल बनवलं. खऱ्या यानाने हात लांब करून तिथली माती उचलली होती. सावंतच्या यानालाही हात होता. टॅक्सीच्या वायपरची मोटर, पुढे बायकोची तुपाची पळी. एकदम झकास! फक्त माती उचलायचा नाही.

* * *

मुलुंडच्या एका सोसायटीत सर तेव्हाच्या हिशेबाने म्हणाले, "गुरूला सोळा चंद्र आहेत."

मागून एका काकूंनी विचारलं, "मग संकष्टी कुठल्या चंद्रावर सोडायची हो?"

सर पक्के नास्तिक. पण प्रश्न आला की उत्तर द्यायचंच, ही मास्तरकीची खोड. खरंच विचार करून म्हणाले, "जो आधी उगवेल त्यावर!"

"बरंय बाई तिथे," काकू म्हणाल्या. "जेवणं तरी वेळेवर होत असतील."

* * *

विक्रोळीला एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये विषय होता शुक्र. सरांनी आवाज चढवला, "शिसं वितळेल एवढी उष्णता! रशियाचं यान तिथे कसंबसं दोन तास टिकलं!"

भट्टीवरचा एक कामगार चहा फुंकत म्हणाला, "दोन तासात सुट्टी? आमची शिफ्ट आठ तासांची आहे साहेब."

त्या दिवशी टाळ्या त्यालाच मिळाल्या.

* * *

घाटकोपरच्या शाळेत सावंतने बटण दाबलं. हात हलेना. सावंत घामाघूम. सरांनी बाजू सावरली, "मुलांनो, पृथ्वीवरून मंगळावर संदेश पोचायला वीस मिनिटं लागू शकतात. धीर धरा!"

मुलं गुणी निघाली. हाताची घडी घालून वीस मिनिटं बसली. हात ढिम्म!

मग पहिल्या बाकावरची मुलगी उभी राहिली. "सर, आता 'संदेश मिळाला' हे परत कळवायला अजून वीस मिनिटं ना?"

* * *

अंधेरीला ट्रेमध्ये माती म्हणून विटांचा चुरा भरला होता. हवेतल्या ओलीने तो असा घट्ट बसला की पळीची दांडीच मोडली. घरी सावंतने काय ऐकून घेतलं असेल ते असो, पण नीलाताईंनी निकाल दिला, "यंदाच्या प्रदर्शनात हात चालला तर चालला. नाहीतर मॉडेल भंगारात!"

सावंत पळीला नवी दांडी बसवायच्या खटपटीला लागला. गिरणी गेल्यापासून स्वतःचं म्हणावं असं त्याच्याकडे एवढंच मशीन उरलं होतं. मला फार वाईट वाटलं. पण नीलाताईंसमोर बोलायची कोणाची छाती?

* * *

प्रदर्शन पार्ल्यात, पाच दिवसांचं. या वेळी विटांचा चुरा नको म्हणून सावंतच्या बायकोने गावाहून लाल मातीचं पोतंच आणलं. हुबेहूब मंगळ! धूळ उडते म्हणून नीलाताई रोज ट्रेमधल्या मातीवर पाणी शिंपडायच्या आणि वर चादर टाकायच्या. चादर काढायची ती शेवटच्या दिवशी, प्रमुख पाहुण्यांसमोर.

पाहुणे म्हणजे एक रिटायर्ड हेडमास्तर. ते पहिल्या रांगेत बसले. मी दिवे मालवले, फक्त यानावर एक बल्ब. सर माइकवर म्हणाले, "यानाने माती उचलली, तपासली. जीवसृष्टीचा मागमूसही सापडला नाही!"

नीलाताईंनी चादर ओढली. सावंतने डोळे मिटून बटण दाबलं.

हात खाली गेला. थरथरला. मातीत घुसला आणि वर आला! पळी काठोकाठ भरलेली. आणि त्या मातीत कुळथाचं एक रोप, दोन कोवळ्या पानांसकट डुलत होतं.

अख्खा हॉल माना उंचावून बघू लागला. मग पाहुणे गंभीरपणे म्हणाले, "अभिनंदन. अमेरिकेला कळवलंत का?"

सरांनी माइकवर हात दाबला आणि दात-ओठ खात विचारलं, "सावंत, हे काय उगवलंय?"

सावंतच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि तोंडून थेट गावची बोली निघाली.

"सर, ता ऱ्हवांदे! हात वर इलो मां?"