आर्गॉनवरचा वारा

आमच्या कंपनीत नवे इंजिनीअर लागले की त्यांना वेल्डिंगचे गॅस मी शिकवते. शिकवताना सगळी वाक्यं काकांची असतात. ती त्यांची आहेत, हे मात्र मी आजवर एकदाही सांगितलेलं नाही.

काका म्हणजे माझ्या पहिल्या नोकरीतले वेल्डर. वागळे इस्टेटमधल्या त्या कारखान्यात औषध कंपन्यांसाठी स्टेनलेस स्टीलच्या टाक्या बनायच्या. काका मोहन्याहून यायचे आणि टाक्यांचे सगळ्यात नाजूक सांधे त्यांच्याकडे असायचे. मी डोंबिवलीची, डिप्लोमा पहिल्या वर्गात पास झालेली, क्वालिटी विभागात ट्रेनी म्हणून लागलेली आणि तोंडाने भलतीच फटकळ. पहिल्याच आठवड्यात मी त्यांना विचारलं, हवा दूर ठेवायची एवढंच जर गॅसचं काम आहे, तर हे काळे आणि निळे असे वेगवेगळे सिलिंडर कशाला? एकच मागवा की!

ते रागावले नाहीत. "मॅडम, वितळलेला धातू म्हणजे तापलेलं दूध. उघडं ठेवलं की त्यात काहीतरी पडणारच. झाकण कुठलं घालायचं, एवढाच प्रश्न असतो."

मग त्यांनी एकेक झाकण सांगितलं. साध्या लोखंडाला काळ्या सिलिंडरमधला कार्बन डायऑक्साइड चालतो. तडतडतो, ठिणग्या उडवतो, पण खोल जातो आणि स्वस्त पडतो. सांधा दिसायलाही बरा हवा असेल तर त्यात आर्गॉन मिसळायचा. स्टेनलेसला मात्र कार्बन सोसत नाही, पुढे गंज धरतो, म्हणून टाक्यांना निळ्या सिलिंडरमधला निव्वळ आर्गॉन. ॲल्युमिनियमलाही तोच. मी शहाणपणा दाखवत विचारलं, "आणि हेलियम?"

"तो मोठ्या लोकांचा. आपण वाढदिवसाच्या फुग्यात बघायचा," असं म्हणून ते पोट धरून हसले.

चांगला सांधा कसा ओळखायचा, तेही त्यांनीच शिकवलं. आर्गॉन नीट बसला असेल तर स्टेनलेसवर फिका सोनेरी रंग येतो, हवा शिरली की करडा. त्यांच्या कामावर मी कधी करडा रंग पाहिला नव्हता. एकदा पाहिला, तो त्या परीक्षेच्या दिवशी.

एका मोठ्या गिऱ्हाइकाची अट होती की त्यांच्या इन्स्पेक्टरसमोर परीक्षा देऊन पास झालेल्या वेल्डरनेच टाक्यांना हात लावायचा. नापास होणाऱ्याची रवानगी टाक्यांचे लोखंडी स्टँड बनवणाऱ्या विभागात. मे महिना होता आणि वरचे पत्रे नुसते तापलेले. काका बूथमध्ये पडद्याआड मास्क लावून बसलेले. इन्स्पेक्टर साहेब बाहेर खुर्चीवर घामाने निथळत होते. पाहुणा घामाघूम बसलाय आणि आपण नुसतं बघत राहायचं, हे मला पटेना. मी कोपऱ्यातला मोठा उभा पंखा ओढत आणला आणि त्यांच्या मागे लावला. साहेबांनी रुमाल खिशात ठेवला, "थँक यू" म्हणाले. मला काय बरं वाटलं! पाच-सात मिनिटांनी चहा आला, साहेब उठून टेबलापाशी गेले, तसा मी पंखाही तिकडे नेला.

काका बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. म्हणाले, "मध्येच रंग बदलला. गॅस संपत आला असेल. सिलिंडर बघा जरा."

मी बघितला. अर्ध्याच्या वर भरलेला. मीटर बरोबर, नळी धड, गॅसचं प्रमाणपत्रही ठीक. दोन दिवसांनी सांध्याचा एक्स-रे आला, त्यात दीड इंचभर बारीक छिद्रं. मॅनेजरने मला एवढंच विचारलं, "गॅस बरोबर होता?" मी हो म्हटलं. खोटं काहीच बोलले नाही. गॅस बरोबर होता म्हटल्यावर चूक कोणाची, हे कोणी विचारलंही नाही.

त्याच दुपारी बूथमध्ये दुसरा वेल्डर काम करत होता आणि कोणीतरी तो पंखा परीक्षेच्या दिवशीच्याच जागी लावला. पडद्याची खालची कड हलायला लागली. फार नाही, बोटभर. आर्गॉनचं झाकण उडवायला तेवढं पुरे.

रिपोर्ट माझ्या टेबलावर होता. 'कारण' हा रकाना अजून कोरा होता आणि कारण बाहेरचं असेल तर परीक्षा पुन्हा घेता येत होती. 'वारा' असं लिहिलं असतं तरी भागलं असतं. पण मग वारा कोणी आणला, हा प्रश्न आला असता आणि माझी नोकरी कायम व्हायला तीन आठवडे राहिले होते. मी लिहिलं, 'वेल्डरचे कौशल्य अपुरे'. खाली सही केली. एरवी चुरूचुरू चालणारं माझं तोंड त्या दिवशी बंद राहिलं. मला माझी आजही लाज वाटते.

काका स्टँडच्या विभागात गेले, काळ्या सिलिंडरकडे. जाता-येता भेटले की आपणहून हसायचे आणि मी हातातल्या कागदात डोकं घालायची. दिवाळीनंतर ते नोकरी सोडून गेले. मी कायम झाले, वाढत गेले, आता या कंपनीत क्वालिटीची प्रमुख आहे.

त्यांनी मोहन्यात ग्रिलचं दुकान टाकलंय, हे मला फार पूर्वी कळलं होतं. डोंबिवलीहून मोहने काही लांब नाही. तरी जायला मला बारा वर्षं लागली आणि तेही खिडकीच्या ग्रिलचं निमित्त काढून, गेल्या हिवाळ्यात.

त्यांनी मला लगेच ओळखलं. खुर्ची पुसून दिली, समोरून चहा मागवला. दुकानात सिलिंडर एकही नव्हता, काळा नाही, निळा नाही.

"आर्गॉन नाही ठेवत, काका?"

"नाय हो. साध्या रॉडवर करतो सगळं, त्याला गॅस लागत नाय. आर्गॉनचा हात गेला ना माझा! परीक्षेत कळलंच की." मग जरा पुढे वाकून म्हणाले, "तुम्ही खरं लिवलंत ते बरं झालं, मॅडम. दुसरा कोणी असता तर मला सांभाळून घेतलं असतं आणि मी औषधाच्या टाक्यांना भोकं पाडत बसलो असतो. घरी पण सांगतो मी, पोरगी सरळ होती म्हणून."

त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मी खाल्ल्या असत्या. हे मला सहन झालं नाही. मी सगळं सांगून टाकलं. इन्स्पेक्टरचा घाम, पंखा, हलणारा पडदा, तो कोरा रकाना. सांगताना रडले आणि रडतेय याचाच राग आला, कारण रडायची पाळी माझी नव्हती.

काकांनी चहाचा ग्लास खाली ठेवला.

"मध्ये रंग बदललेला, तो वाऱ्याने?"

"हो."

"म्हणजे हात चांगला होता तेव्हा."

"चांगला होता, काका."

"माजिवड्याच्या एका कंपनीतनं बोलावणं आलेलं मला," ते म्हणाले. "टाक्यांचंच काम. दोनदा माणूस घरी आलेला. मी नको म्हटलं. म्हटलं, आता आपल्याच्याने व्हायचं नाय."

मी माफ करा म्हटलं. त्यांनी ते ऐकलं की नाही, कोण जाणे. त्यांनी उजवा हात समोर धरला आणि बोटं पसरून बघत राहिले. बोटं थरथरत होती.

"आता खरंच गेलाय," ते म्हणाले आणि त्यांनी माझ्याकडे खिडकीचं माप मागितलं.