सोबत असेल तर दोन गुण कमी

आमच्या कॅन्सर हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात थोरल्या सिस्टरना सगळे काटाताई म्हणायचे, अगदी तोंडावरसुद्धा. रुग्ण आत आला की त्याला आमची किती गरज लागणार, याचे गुण त्या द्यायच्या. स्वतः खातो का, कूस बदलतो का, दम लागतो का, घाबरलाय का. गुण जास्त असले की आमच्यातली एक त्याच्या खाटेशी. कमी असले की नुसती येता-जाता नजर. नर्स मूठभर आणि रुग्ण खंडीभर, तेव्हा ताईंचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. मला रागच यायचा. माणूस काय भाजी आहे, तोलायला?

त्यांचा एक नियम होता. जवळ घरचं माणूस असेल तर दोन गुण कमी, कारण निम्मी सेवा तेच करतं.

त्या दुपारी खिडकीजवळच्या म्हाताऱ्या सुताराला त्यांनी कमी गुण दिले आणि मला दुसरीकडे पिटाळलं. त्याला तर हातही उचलवत नव्हता. माझं डोकं फिरलं.

"ताई, त्याच्याजवळ कोणी नाहीये!"

"डोळे फुटले का तुझे? बायको बसलीये ना स्टुलावर. केव्हाची करतेय बिचारी."

स्टूल रिकामं होतं. पण सुताराचे ओठ ओले होते, आणि मघाशी भिंतीकडे असलेलं त्याचं तोंड आता आमच्याकडे होतं. मी खाटेजवळ जाऊन वाकले.

"काका, बरोबर कोण आलंय?"

"कोण येणार? बायको जाऊन वर्षं झाली." मग तो स्टुलाकडे बघून ओशाळला. "दमली हो ती. आता एकटीला नाही जमत."

ताईंचा चेहरा पांढराफटक पडला. एकदा दिलेले गुण बदलायचे तर डॉक्टरांना कारण सांगावं लागणार. मग चेष्टा, कदाचित या कामावरूनही उचलबांगडी. तरी त्या डॉक्टरांपुढे उभ्या राहिल्या. "माझं चुकलं. याला सोबत नाही. पूर्ण गुण द्या."

"मग तुम्हाला दिसलं कोण?" डॉक्टर हसले.

"दिसलं खरं," एवढंच बोलून ताई वळल्या. मोकळी नर्स नव्हती, म्हणून स्वतःच जाऊन बसल्या. स्टुलावर नाही, खाटेच्या कडेला.

संध्याकाळी सुताराचा श्वास थांबला. उघडे राहिलेले डोळे मिटायला मी हात पुढे केला.

"थांब," काटाताई म्हणाल्या. "ती मिटतेय."

त्यांचे दोन्ही हात मांडीवर होते. पापण्या सावकाश खाली आल्या.