माळेची कडी

सोनाराचा सगळा जोर मनगटात असतो असं लोकांना वाटतं. छे! तो गालात असतो. दिव्याच्या ज्योतीला बाकदार फुंकणी लावायची आणि ज्वाळा वळवून नेमकी सांध्यावर सोडायची. मध्येच श्वास तुटला की सांधा जोडणारा डाख वितळत नाही, सांधा कच्चा राहतो.

एकोणीसशे ऐंशीनंतरची गोष्ट. आम्ही बोरिवलीला चाळीत राहायचो, तिथेच खोलीत हे सोनारकाम करायचे. आमच्या ह्यांच्या फुप्फुसात पाणी झालं. दवाखान्यातून घरी आले, पण दम पुरेना. फुंकणीऐवजी गॅसची बत्ती आणून पाहिली, नाजूक कामाला ती ह्यांच्या हातात बसेना. दिरांनी पवईला वॉचमनची जागा बघून ठेवली. ते ऐकून मला मेलीला रडूच आलं. हात शाबूत असताना ह्यांनी गेटवर बसायचं?

म्हटलं, मी फुंकते, तुम्ही हात चालवा. कोकणात चूल फुंकून फुंकून छाती भक्कम झालेली माझी. पहिल्यांदा अशी फुंकर मारली की डाखाचा तुकडा उडून पलंगाखाली गेला. ह्यांनी कपाळाला हात लावला, म्हणाले, भाकऱ्या भाजायच्या नाहीत आपल्याला. मग शिकवलं. गाल भरलेले ठेवायचे, श्वास नाकाने घ्यायचा. महिनाभर तांब्याच्या तारेवर हात बसवला, पण दार लावून. गिऱ्हाइकासमोर बायकोने फुंकलेलं ह्यांना नको होतं. आणि गिऱ्हाईक तर आपल्या सोन्यावरची नजर हलवत नाही, समोरच ठाण मांडून बसतं.

एक दिवस गोराईची एक कोळीण गळ्यातली माळ घेऊन आली. कडी तुटली होती. ह्यांनी एकट्यानेच फुंकायला घेतलं. खोकला आला, ज्योत मोडली. पुन्हा धरली, पुन्हा मोडली. बाईने माळेकडे हात नेला. राहू दे भाऊ, दुसरीकडे बघते म्हणाली.

माझं डोकंच सणकलं. गेली लाज खड्ड्यात! पदर खोचला, ह्यांच्या शेजारी बसले आणि फुंकणी ओढून घेतली. ह्यांचा चिमटा पुढे आला. ज्वाळा स्थिर झाली, सांध्यावर लावलेला टाकणखार फुलला आणि डाख सरसर सांध्यात पळाला.

माळ निवल्यावर बाईने ती दोन्ही हातांनी खेचून बघितली. मग कानातलं काढून पुढे ठेवलं, ह्याची दांडी हलते म्हणाली.

मी ओशाळून चहा टाकायला उठत होते. हे दिव्यावरची नजर न काढता म्हणाले, "बस गं. आपल्याला काम आहे."