चौथा कोपरा

आत्याबाई गेल्या तेव्हा मी चहा गाळत होते. शेवटी शेवटी त्यांना घोटभरच चहा जायचा, तोही बशीतून. बशी घेऊन खाटेपाशी आले आणि कळलं... शेजारणीला हाक मारायला दारात गेले, तर तोंडातून आवाज निघेना. माझं हे नेहमीचंच आहे. आठवणीच्या सभेत पाळकसाहेब म्हणाले, सूनबाईंनी दोन शब्द बोलावेत. मी उभी राहिले, पदर सारखा केला आणि खाली बसले. माझी शाळा चौथीपर्यंतच झाली, पण बोलण्यापेक्षा लिहिणं मला बरं वाटतं. आता दीड महिना होत आला, म्हणून हे लिहिते आहे.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आम्ही नगरकडची ख्रिस्ती माणसं. लग्न होऊन मी घाटकोपरला भटवाडीत आले, डोंगरावरच्या याच खोलीत. आत्याबाई जुन्या लुगड्यांची दुपटी शिवायच्या, हातानं, अगदी बारीक टाक्यांची. आमच्या देवळातल्या, म्हणजे चर्चमधल्या, कुठल्याही घरी पाळणा हलायचा असला की दुपटं आत्याबाईंचंच. त्यांची एक रीत होती. तीन कोपरे शिवायचे आणि चौथा उघडा ठेवायचा. बाळ आलं की मग तो शिवायचा. असं का, म्हणून मी विचारलं तर म्हणाल्या, "देवाचं काम अजून चाललंय. आपणच आधी पुरं करून मोकळं व्हायचं होय?"

माझ्या पहिल्या वेळी कळा घरातच सुरू झाल्या. मी पदर दातात धरून बसले होते. भिंतीपलीकडे माणसं, ऐकतील याची लाज वाटत होती. आत्याबाईंनी माझ्या तोंडातला पदर ओढून काढला. "ओरड गं. प्रभू वधस्तंभावर मोठ्यानं ओरडला. तू काय त्याच्यापेक्षा सोशिक लागून गेलीस?" त्या कळांतही मला हसू आलं. मग त्यांचा हात धरून मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदाच इतक्या मोठ्यानं.

दवाखान्यात मुलगा झाला. तो रडला नाही. मी वाट बघत राहिले, आता रडेल, मग रडेल... ह्यांना त्याला बघवलं नाही, भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. त्याला पाहिलं ते आम्ही दोघींनीच. काळंभोर जावळ होतं, आणि डाव्या कानाची पाळी वरून दुमडलेली, थेट आत्याबाईंच्या कानासारखी. त्यांनी त्या पाळीला बोट लावलं आणि म्हणाल्या, "माझी खोड घेऊन आलाय." दवाखान्याच्या चादरीतच त्याला नेलं. दुपटं घरी राहिलं, एक कोपरा उघडा असलेलं.

मग भेटायला बायका यायच्या. त्यातली एक म्हणाली, हव्वेनं देवाचं ऐकलं नाही, त्याची शिक्षा बाईच्या जातीला आहे, मुकाट सोसावं. आत्याबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "शिक्षा तेवढी सगळ्यांना पाठ. बागेतून काढायच्या आधी देवानं त्या दोघांना कपडे करून घातले, ते कुणी सांगत नाही. उघडं नाही धाडलं त्यानं." ती बाई चहा पिऊन गेली. दार लावल्यावर मी म्हटलं, "मग माझ्या बाळाला का उघडं धाडलं?" आत्याबाईंचे हात थांबले. म्हणाल्या, "मला नाही ठाऊक, करुणे. माझंही त्याच्याशी भांडण चाललंय." मला तेवढ्यानंच बरं वाटलं. बाकीच्या सगळ्यांना सगळं ठाऊक होतं.

आमच्याकडे बाळंतीण सव्वा महिन्यानं बाळाला घेऊन देवळात जाते, उपकारस्तुती करायला. मी कशाला जाऊ? पण त्या रविवारी सकाळी आत्याबाई दुपटं घेऊन बसल्या आणि चौथा कोपरा शिवू लागल्या. मी म्हटलं, आता कशाला? म्हणाल्या, "आला होता ना तो? मग?" शिवून झाल्यावर घडी करून दुपटं माझ्या हातात दिलं. ते उराशी धरून मी त्यांच्यामागून देवळात गेले, शेवटच्या बाकावर बसले.

त्या दिवशी पाळकसाहेब बाहेरचे आले होते. त्यांना आमचं काही माहीत नव्हतं. नवं दुपटं उराशी धरलेली बाई बघून त्यांना वाटलं, बाळ आहे. त्यांनी आनंदानं पुढे बोलावलं आणि उपकारस्तुतीचं गीत धरलं. देवळातल्या सगळ्यांना ठाऊक होतं, पण सांगणार कोण? एकेक करून सगळे गाऊ लागले. आत्याबाईंनी माझा दंड धरला. "चल. त्याचीही होऊ दे." पुढे गेल्यावर पाळकसाहेबांनी नाव विचारलं. आम्ही नाव ठेवलंच नव्हतं. आत्याबाई लगेच म्हणाल्या, "शमुवेल." पाळकसाहेबांनी आशीर्वादासाठी दुपट्यावर हात ठेवला. हाताखाली नुसतं कापड लागलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आत्याबाईंकडे पाहिलं... पण हात काढला नाही. तसाच ठेवून, हळू आवाजात, पूर्ण प्रार्थना केली.

पुढे रूथ झाली. तेव्हा सगळं नीट झालं. शमुवेलचं नाव घरात कुणी काढायचं नाही. दर उन्हाळ्यात आत्याबाई ते दुपटं ट्रंकेतून काढून दोरीवर उन्हात घालायच्या आणि मला म्हणायच्या, "तुझ्या थोरल्याचं उचलून आण गं." बस, एवढंच. पण मला थोरला आहे, असं म्हणणारं तेवढं एक माणूस होतं.

शेवटी त्यांच्या पोटाचं दुखणं फार वाढलं. माणसं भेटायला यायची, प्रार्थना करायची, आणि त्या ओठ चावून पडून राहायच्या. एकदा सगळे गेल्यावर मी त्यांचा हात हातात घेतला आणि म्हटलं, "ओरडा, आत्याबाई. प्रभू ओरडला होता." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मला शिकवतेस होय गं?" म्हणाल्या, थोडं हसल्या, आणि मग ओरडल्या. माझा हात त्यांनी इतका घट्ट धरला होता की बोटं नंतर सरळ होईनात.

दफनाच्या दिवशी मी ते दुपटं त्यांच्या उजव्या गालाखाली ठेवलं. जमलेल्यांतल्या कुणीतरी विचारलं, हे जुनं कुणाचं? मी म्हणाले, "शमुवेलचं." सगळ्यांना ऐकू गेलं. मग पेटीचं झाकण लावायच्या आधी मी त्यांचा कान पाहून घेतला, ती दुमडलेली पाळी. रूथचा कान तसा नाही. माझ्या मुलाचं एवढंच काय ते मला रोज दिसत होतं... ते झाकलं.

रूथ बाळंतपणाला माहेरी आली आहे, तिला आता आठवा महिना लागला आहे. परवा आत्याबाईंच्या खाटेवरचं, तिच्या बाळासाठी त्यांनी शिवायला घेतलेलं दुपटं बघून ती म्हणाली, "आई, आजीचं राहिलेलं तू करशील ना?" मी हो म्हटलं. त्याचे तीन कोपरे झाले आहेत. रोज सकाळी मी ते उचलते, खाट झाडते आणि परत तसंच ठेवते. आत्याबाईंनी टोचून ठेवलेली सुई तिथेच आहे, उघड्या कोपऱ्यापाशी, त्यांनी ओवलेल्या दोऱ्यासकट. माझा टाका त्यांच्याइतका बारीक येत नाही.