कमलाचं लग्न आणि जीपचा नेपाळपर्यंतचा विमा

"बाई, लग्न ठरलं. पण माझ्या बाजूनं कोण उभं राहणार?"

कमलाचा फोन आला आणि मी क्षणाचाही विचार न करता सांगून टाकलं, "मी आहे ना! आम्ही येतो." फोन ठेवल्यावर लक्षात आलं, ती बोलत होती नेपाळातून आणि मी उभी होते जव्हारला, कणकेचे हात घेऊन.

कमलाचे वडील, थापाकाका, आमच्या बाजारपेठेत रात्रीची राखण करायचे. पोरगी जन्मली जव्हारला, शिकली माझ्याच वर्गात. आई लवकर गेली, तेव्हा आमच्या गल्लीतल्या घरांनी मिळून तिला वाढवली. दोन वर्षांपूर्वी काका तिला घेऊन गावी गेले, पाल्पा नावाच्या डोंगरी जिल्ह्यात. तिथल्या बायका तिला 'इंडियावाली' म्हणतात. त्यांच्याकडे लग्नात माहेरची माणसं नवरा-नवरीचे पाय धुतात, आणि हिला माहेर म्हणून वडिलांपलीकडे कुणीच नव्हतं. मग आमच्याशिवाय कोण जाणार?

गल्लीला कळायचा अवकाश, रुखवत सुरू! नाव घातलेली भांडी, विणलेली तोरणं, गोधड्या, पापडांचे डबे. हे सगळं घेऊन गाड्या बदलत जायचं म्हणजे हमालीच. तेव्हा ठरलं, दिवाळीच्या सुट्टीत आपली जीप घेऊनच निघायचं. ही २००७ची गोष्ट.

आमचे हे पंचायत समितीत क्लार्क, म्हणून गावाचे भाऊसाहेब. त्यांचं म्हणणं, "नेपाळला पासपोर्ट लागत नाही, व्हिसा लागत नाही. मग विमा कशाला वेगळा? आपला आहेच की!" खरं सांगते, मलाही ते पटलं होतं. आमचे विमा एजंट रमेशभाऊ मात्र चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "वहिनी, पॉलिसी वाचा जरा. हद्द भारतापुरती आहे. पलीकडे काही झालं तर कंपनी हात वर करणार. जादा हप्ता भरून हद्द वाढवून घ्यावी लागते, एन्डॉर्समेंट म्हणतात त्याला."

त्यांनी स्वतः ते जन्मात केलेलं नव्हतं! पण उत्साह आमच्यापेक्षा त्यांनाच जास्त. एस.टी. स्टँडवर भेटेल त्याला सांगत सुटले, "भाऊसाहेबांची जीप परदेशात चाललीय, केस माझी आहे."

तुम्ही जाणार असाल तर एक ऐका. हे काम निघायच्या आधी महिनाभर तरी हाती घ्या. आमचा कागद निघायच्या आदल्या संध्याकाळी आला. आम्ही त्याला हळदकुंकू लावलं, देवापुढे ठेवला आणि वाचला मात्र नाही.

शनिवारी पहाटे निघालो. पोशेऱ्याला माझी आत्या राहते, तिचा निरोप होता की थांबल्याशिवाय जायचं नाही. तिने नागलीचं, म्हणजे नाचणीचं, अख्खं पोतं जीपमध्ये चढवलं.

"आत्या, अगं एवढी कशाला?"

"गप बस. पोर लहानपणी माझ्या हातची भाकर खायाची. तिकडं कुठची नागली गावायची तिला?"

मोखाड्याला चहाला थांबलो. वडापाव गरम होता, मी निवांत होते, म्हणून तो विम्याचा कागद काढला. मास्तरीणच मी, लिहिलेलं दिसलं की तपासल्याशिवाय राहवत नाही. वाचते तर काय, विमाधारक म्हणून ह्यांचं नाव! जीप माझी, पतपेढीचं कर्ज माझं, आरसी माझ्या नावावर, मूळ पॉलिसीही माझ्याच. पण अख्खं जव्हार जिला 'भाऊसाहेबांची जीप' म्हणतं, तिच्या फॉर्मवर रमेशभाऊंनी आणखी काय लिहावं?

"अगं, नवरा-बायको एकच. कोण बघतंय?" हे म्हणाले.

"कस्टमवाला बघतोय!" मी अशी कडाडले की चहावाला दचकला.

शनिवार होता, विमा कंपनीची नाशिकची शाखा दुपारी बंद होणार. सोमवारपर्यंत थांबलो असतो तर गुरुवारचं लग्न हुकलंच असतं. त्या पोरीला 'येतो' म्हणून सांगितलेलं, आणि आपण अडकणार नाशकात! तोरंगणच्या घाटात एरवी मी ह्यांना 'सावकाश, सावकाश' करून भंडावते. त्या दिवशी मीच 'चला, चला' करत होते. कारवीच्या रानातून सकाळचं ऊन येत होतं, पण बघायला डोकं कुठे ठिकाणावर होतं?

नाशिकला पोचलो तेव्हा काउंटरवरचे गृहस्थ डबा पिशवीत भरत होते.

"गाडी कोणाची?" त्यांनी ह्यांच्याकडे बघून विचारलं.

"माझी," मी म्हटलं आणि आरसी पुढे सरकवली. मग लग्नाचं, कमलाचं, सगळं एका दमात सांगितलं. त्यांनी निमूटपणे डबा परत टेबलावर ठेवला आणि दुरुस्त कागद शिक्का मारून हातात दिला. वर म्हणाले, "मॅडम, मुलीला आमचेही आशीर्वाद सांगा." मला रडूच आलं हो!

पुढचे दिवस नुसता रस्ता. धुळ्यावरून इंदूर, तिथले पोहे आणि वर भरभरून शेव. पुढे झाशी, कानपूर, लखनौ. काही ठिकाणी रस्त्यात खड्डे नव्हते, खड्ड्यांतच थोडा रस्ता होता. ढाब्यांवर दाल-रोटी स्वस्तात पोटभर मिळते. आम्ही आळीपाळीने चालवलं. ह्यांना डुलकी येते, मला गाणी म्हणता येतात, त्यामुळे जास्त मीच.

गोरखपूर सोडल्यावर सोनौलीची सीमा. कमान आली, ट्रकांची रांग आली आणि मी चाळिशीची बाई शाळकरी पोरीसारखी ओरडले, "अहो, परदेश!" तिथे गाडीसाठी रोजाच्या हिशोबाने कर भरावा लागतो, त्याला भन्सार म्हणतात. विमा आहे म्हणून तो चुकत नाही. आरसी, लायसन्स, पॉलिसी आणि एन्डॉर्समेंट मूळ प्रतीच ठेवा, झेरॉक्सही भरपूर. पाचशे-हजाराच्या नोटा तेव्हा तिकडे चालत नव्हत्या, म्हणून आम्ही शंभराच्याच नेल्या. भन्सारवाल्याने आरसी आणि विम्याचा कागद शेजारी शेजारी धरून नावं अक्षरागणिक ताडून पाहिली. मी ह्यांच्याकडे बघितलं. हे आकाशाकडे बघत होते.

बुटवलपासून चढण लागते. एका वळणावर समोरच्या मिनीबसने आमचा आरसा आणि दार खरवडून नेलं. क्षणात माणसं जमली, पोलीस आला. बसवाला चूक आमचीच म्हणून तावातावाने बोलायला लागला. पोलिसाने विचारलं, "इन्स्योरेन्स छ?"

"छ, छ!" मीच पुढे झाले. कागद पाहिल्यावर त्याचा सूरच बदलला. दोघांचे जबाब लिहून घेतले आणि जा म्हणाला. कागद नसता तर गाडी चौकीत ठेवावी लागली असती, हे त्यानेच हिंदीत समजावलं. हे गाडीत बसले. मग म्हणाले, "तू कडाडलीस ते बरं केलंस." लग्नाच्या इतक्या वर्षांत पहिल्यांदाच!

आणि पुढचा डोंगर चढलो तर काय दिसावं? उतारावरच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या शेतात कापणीला आलेली नागलीच नागली! तिथे तिला कोदो म्हणतात. मागे आत्याचं पोतं, आणि पुढे नजर जाईल तिथवर तेच पीक. आम्ही गाडी थांबवून पोट धरून हसलो.

बुधवारी संध्याकाळी पोचलो. कमला अंगणात मेंदीचे हात पसरून बसली होती. जीप दिसताच उठून धावत आली. "बाई, आल्या तुम्ही! मला वाटलं नुसत्या बोलल्या." भोवतालच्या बायका त्या मराठीकडे बघत राहिल्या. दुसऱ्या दिवशी पाय धुवायची वेळ आली तेव्हा थापाकाकांनी हाक मारली, "बाई, भाऊसाहेब, पहिले तुम्ही." आम्ही तांब्याच्या परातीत दोघांचे पाय धुतले. मी लाज न बाळगता ढसाढसा रडले. रुखवत बघायला अख्खं गाव लोटलं होतं.

परत जव्हारला आलो, दार ठोकून-रंगवून घेतलं, शाळा सुरू झाली. काय उरलं म्हणाल तर फोटोंचा अल्बम आणि दर रविवारचा कमलाचा फोन. पुढच्या वर्षी पावसाळ्यात असाच एका रविवारी फोन आला. ती जरा लाजत म्हणाली, "बाई, सहावा महिना सुरू होईल आता. सासूबाई विचारतात, इंडियात पहिलं बाळंतपण माहेरी करतात ना, मग तुझं?"

मी काही बोलायच्या आत ह्यांनी पायात चपला सरकवल्या होत्या.

"कुठे निघालात?"

"रमेशभाऊंकडे. हद्द वाढवायचीय. आणि ह्या वेळी नाव मी स्वतः लिहिणार, तुझं."