मागच्या दाराचं मतदान

ये गं, जरा जवळ सरक. कागदावरच का होईना, पण सरक. दिवाळीला आलीस, त्यातला अर्धा वेळ मोबाईलला दिलास आणि निघताना रिक्षात एक पाय ठेवून मला विचारलंस, "आजी, एखाद्या देशावर बाहेरून दबाव येतोय की निवडणुका घ्या, लोकांना बोलू द्या. आणि आतून भीती आहे, मोकळीक दिली तर शत्रू घुसेल. मग त्या देशानं काय करावं?" अगं, हा काय रिक्षात बसताना विचारायचा प्रश्न झाला? रिक्षावालासुद्धा मान वळवून माझ्याकडे बघायला लागला. पुण्यात राहून एवढाली जाड पुस्तकं वाचतेस आणि उत्तर मागतेस धुळ्याच्या म्हातारीकडे! आता उत्तरासारखं काहीतरी हाताशी आलंय, तर तू नाहीस. म्हणून लिहिते.

आपल्या कॉलनीचे अध्यक्ष म्हणजे नाना, तुझ्या आजोबांचे धाकटे भाऊ. उभी नोकरी सीमेवर गेली. परत आले तेव्हा सगळ्यांनी कौतुकानं अध्यक्ष केलं, ते अजून आहेतच. कोणी म्हणालं, "नाना, एकदा निवडणूक घेऊन टाकू," की नाना म्हणणार, "परिस्थिती निवळू द्या." एकदा पाण्याची मोटार चोरीला गेली म्हणून परिस्थिती बिघडलेली. एकदा कुत्र्यांमुळे. मग हायवेचं काम निघालं. बातम्यांत मी असे राज्यकर्ते पुष्कळ पाहिलेत. धोका टळला की मतदान घेऊ म्हणतात आणि धोका काही केल्या टळत नाही. आपल्या घरातही एक आहे हे मात्र उशिरा लक्षात आलं.

पण नाना खोटं बोलत होते असंही नाही हं. दिवाळीनंतर आमच्या मास्तरीणबाईंच्या गळ्यातली पोत ओढून नेली. सकाळी फिरायला निघाल्या होत्या. कॉलनीच्या मागच्या लोखंडी दारातून एक जण आला आणि त्याच दारानं पळाला. मानेवर वळ उठला बाईंच्या. नानांनी त्याच दिवशी दाराला कुलूप घातलं. कोणी हूं की चूं केलं नाही. मीही नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी चहा ठेवला आणि वाट बघत बसले. त्या दारापलीकडच्या गल्लीत माझी मैत्रीण राहते, तू ओळखतेस तिला. रोज दुपारी यायची. आम्ही मेथी निवडायचो आणि सुनांना नावं ठेवायचो. आता दार बंद, आणि पुढून यायचं तर हायवेच्या कडेनं, ट्रकांच्या धुळीतून. तिला डोळ्यांनी नीट दिसत नाही. शेवटी तिचाच फोन आला. "बठ्ठा चोर आमनाच गल्लीमा ऱ्हातस का वं माय?" सगळे चोर तिच्याच गल्लीतले कसे, म्हणून मी हसले, तीही हसली. पण फोन ठेवल्यावर तिच्या वाटणीचा चहा मोरीत ओतला. आमच्या वयात एकदा येणंजाणं तुटलं की तुटलंच गं.

नानांना गाठलं. "नाना, दुपारपुरतं तरी दार उघडा."

"वहिनी, सीमा अशी थोडी थोडी उघडत नसते."

"सीमा कसली? पलीकडे माझी मैत्रीण राहते."

"घुसणारा कोणाचा तरी ओळखीचाच असतो," नाना म्हणाले आणि किल्ल्या खिशात टाकून चालते झाले.

मग मी बाहेरच्या सत्तेकडे दाद मागितली. शिरपूरच्या अक्का, नानांच्या थोरल्या बहीण. त्यांनी नानांना फोनवर असं फैलावर घेतलं की पलीकडच्या खोलीत मला ऐकू यावं. "तू कोण रे एकटा ठरवणारा? सगळ्यांना विचार. मत घे!" किती बरं वाटलं म्हणून सांगू! आता याच अक्कांच्या घरी टीव्हीचा रिमोट त्यांच्या उशीखाली असतो आणि सुनांनी कोणती मालिका बघायची हे त्या ठरवतात. पण दुसऱ्याच्या घरात लोकशाही आणायला माणसाला हुरूप येतो बघ. वर धमकी दिली, "मत घेतलं नाहीस तर यंदा भरिताला वांगी पाठवणार नाही." कॉलनीचं दर हिवाळ्यातलं भरीत अक्कांच्या शेतातल्या वांग्यांवरच होतं. याला तुझ्या पुस्तकात काय म्हणतात ते तू सांग. आमच्याकडे याला वांगी बंद म्हणतात.

नाना नरमले. पण म्हणतात, "हात वर करून मत घेऊ. मी समोर बसतो."

"म्हणजे तुम्ही खुर्ची टाकून बसणार, किल्ल्या वाजवणार आणि आम्ही तुमच्या डोळ्यांत बघून हात वर करायचा?"

"मग काय करू?"

"गुपचूप मत घ्या."

शेवटी ठरलं. भरिताच्या दिवशी प्रत्येकाला एक शेंगदाणा आणि एक तुरीचा दाणा द्यायचा. दार उघडायचं असेल तर शेंगदाणा, बंद ठेवायचं असेल तर तूर, फडकं बांधलेल्या मडक्यात हात घालून टाकायची. उरलेला दाणा ज्याचा त्यानं ठेवून घ्यायचा. कोणत्या मताला कोणता दाणा हे नानांनीच ठरवलं. त्यात त्यांचा डाव होता की नव्हता, देव जाणे. मी विचारलं की मिशीत हसतात.

त्या दिवशी मैदानात कापसाच्या काड्यांचा जाळ केला. अक्कांची हिरवी वांगी त्यात सोडली. अक्का स्वतः आल्या होत्या, निवडणूक नीट होते की नाही बघायला. वांगी भाजायला वेळ लागला, मिरची-लसणाचा वास सुटला, पोटात कावळे ओरडायला लागले आणि प्रत्येकाच्या हातात एक शेंगदाणा. आता तू आपल्या लोकांना ओळखतेस. खानदेशातल्या माणसाच्या तळहातावर शेंगदाणा ठेवायचा आणि समोर भरीत भाजायचं, म्हणजे तो दाणा किती वेळ टिकणार? बोलता बोलता तोंडात गेला. मग मडक्याकडे रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून उरलेली तूर टाकून आले.

मडकं उपडं केलं. तूरच तूर! शेंगदाणे औषधापुरते.

"हा लोकांचा कौल," नाना उभे राहून म्हणाले.

"लोकांनी कौल खाल्ला, नाना," मी म्हणाले. अक्का हसून हसून खाली बसल्या. मग जो गोंधळ उडाला! कोणी म्हणे परत मत घ्या, कोणी म्हणे खाल्लेलं मतही मोजा, कोणी म्हणे आधी जेवू.

त्या गोंधळात मास्तरीणबाई उठल्या. हळू आवाजात म्हणाल्या, "मी तूर टाकली. भुकेनं नाही, ठरवून टाकली. ते दार उघडं दिसलं की माझा हात आपोआप गळ्याकडे जातो."

मला माझीच लाज वाटली. दार उघडा म्हणून मी शिरपूरपर्यंत ओरडले, पण शेजारच्या या बाईला झोप लागते का, हे विचारलं नव्हतं. मी जाऊन त्यांच्याजवळ बसले. "बाई, मला दार नकोच आहे. मला ती पलीकडची हवी आहे. ती आता एकटी हायवेनं येऊ शकत नाही."

बाईंनी एक काडी जाळात सरकवली. मग म्हणाल्या, "दारात माणूस असेल तर मला भीती नाही. मोकळं दार नको. दुपारी तुम्ही खुर्ची टाकून तिथे बसाल का? माझ्या खिडकीतून दिसाल मला."

नाना मिशीवर हात फिरवत म्हणाले, "म्हणजे चेकनाकाच झाला हा."

"मग पगार सुरू करा," मी म्हणाले. अक्कांनी हात पुढे केला आणि नानांनी जुडग्यातून एक किल्ली काढून दिली. फक्त दुपारची, असं बजावून. ती अक्कांनी माझ्या हातावर ठेवली.

तर आता रोज दुपारी दाराच्या अलीकडे मी, पलीकडे ती, मध्ये मेथी. पहिल्या आठवड्यात बाई खिडकीतून बघत राहिल्या. मग स्टूल घेऊन आल्या. आता येणाऱ्याजाणाऱ्याला त्याच विचारतात, कुठले, कोणाकडे निघालात. विचारतात असं की चोराला चोरी करण्यापेक्षा घरी जाणं सोपं वाटावं. नाना मुद्दाम चक्कर मारतात. "काय वहिनी, सीमेवर शांतता?" "शांतता कसली, तुमच्याबद्दलच बोलतोय."

देशांचं मला कळत नाही, बेटा. ते मोठे असतात, त्यांचे शत्रूही खरे असतात. मला एवढंच दिसलं की भ्यालेली बाई आणि बाहेर राहिलेली बाई एकमेकींना दिसत नव्हत्या तोवर मडक्यात काहीही टाकलं तरी उपयोग नव्हता. आणि किल्ली एकाच खिशात असेल तर त्या खिशालाच आधी भीती वाटायला लागते.

अध्यक्षाची निवडणूकही घेतो म्हणालेत नाना, उन्हाळ्यात. परिस्थिती निवळली तर, हे नुसतं पुटपुटले, पूर्वीसारखं ठणकावून नाही. निवडणुकीवर लक्ष ठेवायला म्हणे परदेशातून माणसं येतात. आमच्याकडे पुण्याहून एक आली तरी भागेल. तुझ्या मैत्रीणआजीचे डोळे दिवसेंदिवस मंद होताहेत. परवा विचारत होती, "तुनी नात कव्हय येस वं?" तिला तुझा चेहरा अजून दिसतोय तोवर ये गं. लवकर ये.